आधी कोणाचा हप्ता?

वाचक भगिनीचं पत्र काळेवाडीहून आलं आहे. नाव छापत नाही आणि मजकूरही थोडक्यात देत आहोत.

"यांचं भोसरीला भाड्याच्या गाळ्यात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ आणि एक व्हीएमसी मशीन. मी शाळेत लिपिक, हातात ३१,००० येतात. गाळ्याचं भाडं, वीज आणि दोन कामगारांचे पगार जाऊन वर्कशॉपमधून सध्या ४५,००० सुटतात. घरखर्च ३०,००० आहे. कर्जं अशी : फ्लॅटचं बाकी १९ लाख, हप्ता २१,५००, दोन हप्ते थकले. मशीनचं दुसऱ्या बँकेचं ९ लाख, हप्ता २९,०००, एक थकला. दोन पर्सनल लोन मिळून ५ लाख ४० हजार, हप्ते १८,७००. तीन क्रेडिट कार्डं मिळून ३ लाख ६० हजार, त्यांचे मिनिमम १८,००० भरतो. पतसंस्थेचे ३ लाख, हप्ता ९,८००, जामीनदार माझे दीर, ते महापालिकेत आहेत. एका ओळखीच्याकडून २ लाख रोख घेतले, शेकडा पाच महिना. चौदा महिने दरमहा १०,००० फोनवरून पाठवतो. त्याच्याकडे सह्या केलेले तीन कोरे चेक आहेत. शिवाय मोबाईलवरच्या ॲपचे ४०,०००, ते लोक आता नातेवाइकांना फोन करतात. एका कंपनीकडे आमचं ४ लाख ६० हजारांचं बिल सात महिने अडकलंय. फ्लॅटला आज ४२ लाख येतील असं एजंट म्हणतो. एक कर्जमुक्तीवाला ६०,००० आगाऊ मागतोय, सगळे हप्ते बंद करा म्हणतो. दिवाळखोरी जाहीर केली तर सुटू का? हे रात्री झोपत नाहीत. परवा म्हणाले, माझा विमा तरी आहे."

ताई, शेवटचं वाक्य आधी घेऊ. ते बोलणं रागात किंवा थकव्यात आलं असेल असं समजून सोडून देऊ नका. आज रात्री दोघंच असताना स्पष्ट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. उत्तर हो असेल किंवा उत्तर टाळलं, तर त्यांना एकटं ठेवू नका, दिरांना बोलवून घ्या आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडेही न्या. विम्याचा विषय कर्जाच्या हिशोबात येऊच द्यायचा नाही. खाली जे लिहिलं आहे ते वाचल्यावर तुमच्याच लक्षात येईल की या गुंत्यातून वाट निघते.

आता आकडे. महिन्याला देणं १,०७,००० आहे, ॲपचे वेगळे. येतात ७६,०००, घरखर्च जाऊन उरतात ४६,०००. याचा अर्थ काटकसरीने हा प्रश्न सुटणार नाही. चहा-साखर कमी करून ६१,००० उभे राहत नाहीत. कुणाला तरी यातलं काही मिळणार नाही, हे आधीच ठरलेलं आहे. कुणाला नाही, एवढंच तुमच्या हातात आहे.

इथेच बहुतेक घरं चुकतात. जो सकाळी आठला फोन करतो, दारात येऊन आवाज चढवतो, त्याला पैसे जातात. गृहकर्जाची बँक पहिले दोन महिने गप्प असते, म्हणून तिचा हप्ता मागे पडतो. तुमच्या पत्रात तेच झालं आहे. कार्डांचे १८,००० वेळेवर गेले, सावकाराचे १०,००० गेले आणि घराचे दोन हप्ते राहिले. देणेकरी किती ओरडतो हे बघू नका. पैसे न मिळाल्यास तो तुमचं काय नेऊ शकतो, ते बघा.

त्या मापाने पहिला नंबर घराचा. हप्ता चुकल्यापासून ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, ठरतं. मग सरफेसी, म्हणजे तारण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेण्याच्या, कायद्याखाली बँक ६० दिवसांची नोटीस देते. त्या नोटिशीवर तुम्ही लेखी आक्षेप घेतला तर १५ दिवसांत उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. पुढे ताबा आणि लिलाव. लिलावाच्या ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ती जाहीर होईपर्यंत सगळी थकबाकी खर्चासह भरून घर सोडवता येतं, त्यानंतर तो हक्क उरत नाही. बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, ४५ दिवसांत जाता येतं. ते पुण्यात आहे. पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ द्यायची नाही. तुमचा दुसरा हप्ता चुकलेला आहे, म्हणजे ९० दिवसांतले निम्मे बहुधा गेले. एनपीए व्हायच्या आधी बँकेला मुदत वाढवून द्यायला बराच वाव असतो. एकदा एनपीए झालं की थकलेलं सगळं व्याज आणि मुद्दल भरल्याशिवाय खातं पुन्हा नियमित होत नाही. तेव्हा एक हप्ता भरून गाडी रुळावर येत नाही.

म्हणून या आठवड्यात शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं शाखाधिकाऱ्याची बदली होताच संपतं. तुमचा व्याजदर ९ टक्क्यांच्या आसपास धरला, तर १९ लाखांचे सुमारे बारा वर्षांचे हप्ते उरले आहेत. मुदत वीस वर्षांवर नेली तर हप्ता २१,५०० वरून सुमारे १७,१०० वर येतो. एकूण व्याज खूप वाढेल, हे खरं आहे. पण आज तुम्हाला व्याज वाचवायचं नाही, घर वाचवायचं आहे. वर्कशॉप सावरलं की जादा रक्कम भरून मुदत पुन्हा कमी करता येते. एक अट मात्र तपासा : नव्या मुदतीअखेर दोघांचं वय बँकेच्या मर्यादेत बसायला हवं.

दुसरा नंबर मशीनचा, कारण पंचेचाळीस हजार तिथूनच येतात. मशीन उचललं गेलं तर बाकीचा हिशोबच उरत नाही. इथे तुमच्याकडे एक हत्यार आहे जे छोटे कारखानदार वापरतच नाहीत. वर्कशॉपची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०१६ च्या सूचनांप्रमाणे २५ कोटींपर्यंतच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या अडचणीतल्या खात्यांसाठी बँकेची समिती असते. "धंदा तोट्यात जाईल अशी भीती आहे" असं कर्जदार स्वतःहून लिहून देऊ शकतो आणि समितीने त्यावर सुधारणा योजना ठरवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या सूचना बँकांवर बंधनकारक असल्याचं सांगितलं. त्याच निकालात दुसरी बाजूही आहे : एनपीए होण्याआधी आपण उद्योग असल्याची खरी कागदपत्रं पुढे करणं ही कर्जदाराची जबाबदारी. नंतर कोर्टात जाऊन "आम्हाला ही योजना का दिली नाही" म्हणता येत नाही. म्हणून अर्जाला उद्यम प्रमाणपत्र, सहा महिन्यांची जीएसटी विवरणं, अडकलेल्या बिलाची प्रत आणि पुढच्या तीन महिन्यांच्या ऑर्डरी जोडा. मागणी स्पष्ट ठेवा. १५ टक्के दर धरला तर ९ लाख ६६ महिन्यांत फेडायला हप्ता सुमारे २०,१०० पडतो. "काहीतरी सवलत द्या" असा अर्ज बाजूला पडतो. "६६ महिने, २०,१००, पुढच्या पाच तारखेपासून" या अर्जावर कुणालातरी हो किंवा नाही लिहावं लागतं.

मशीनच्या मंजुरीपत्रात फ्लॅटही तारण म्हणून लिहिला आहे का, ते बघून ठेवा. बँका वेगळ्या आहेत म्हणून बहुधा नसेल, पण खात्री कागदावरच करायची.

तिसरा नंबर पतसंस्थेचा. कारण त्या तीन लाखांमागे तुमच्या दिरांचा पगार उभा आहे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. संस्थेने आधी तुमच्या मागे लागावं, मग त्यांच्याकडे जावं, असं बंधन नाही. पतसंस्था नेहमीच्या दिवाणी कोर्टात जात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली ती सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुली दाखला घेते आणि मग वसुली अधिकारी थेट पगारकपात किंवा जप्ती लावतो. दाखल्याआधी सुनावणीची नोटीस येते. लोक त्या तारखेला जात नाहीत, आणि ही चूक फार महागात पडते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध पुनरीक्षणाचा, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज करायचा तर वसुलीच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. तेव्हा तारखेला हजर राहा, भरलेल्या पावत्या दाखवा, हप्ता कमी करण्याचा लेखी प्रस्ताव द्या. प्रस्ताव ८,८०० चा ठेवा. आणि दिरांना हे संस्थेच्या नोटिशीतून कळू देऊ नका, तुम्ही सांगा. जामीनदार संतापतो तो पैशापेक्षा अंधारात ठेवल्यामुळे.

१७,१०० अधिक २०,१०० अधिक ८,८००, बरोबर ४६,०००. रुपया उरत नाही. म्हणजे कार्डं, पर्सनल लोन, सावकार आणि ॲप यांना सध्या काहीही जाणार नाही. हे लिहायला आम्हालाही जड जातं, कारण कर्ज बुडवा असा सल्ला आम्ही देत नाही. पण आज त्यांना थोडं थोडं देऊन सगळीच खाती बुडवण्यापेक्षा तीन खाती जिवंत ठेवून बाकीच्यांना नंतर रक्कम देणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. त्याची किंमत माहीत असू द्या.

कार्डांचं गणित बघा. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ३,६०,००० वर व्याज १२,६००, त्यावर १८ टक्के जीएसटी २,२६८. तुम्ही भरता त्या १८,००० मधले मुद्दलात जातात फक्त ३,१३२. आणि त्याच कार्डावर किराणा चालू असेल तर तेही नाहीत. तिन्ही कार्डं आज ब्लॉक करा. बँकेकडे थकबाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मागा. वर्षाला १८ टक्के दराने ४८ महिन्यांचा हप्ता साधारण १०,६०० होतो. तो आज झेपणार नाही, पण बँकेने काय देऊ केलं ते लेखी हातात ठेवा. बिलाचे पैसे आल्यावर ते कामाला येतं.

पर्सनल लोनवाल्यांना आणि कार्डांच्या बँकांना हप्ता चुकायच्या आधी ईमेल जाऊ द्या. असं लिहा : "माझ्या व्यवसायाचे ४,६०,००० रुपये ग्राहकाकडे अडकल्याने उत्पन्न घटले आहे. कुटुंबाचे मासिक उत्पन्न ७६,००० आहे, तपशील सोबत जोडला आहे. कर्ज नाकारण्याचा हेतू नाही. सहा महिने हप्ता स्थगित ठेवावा किंवा मुदत वाढवावी. यापुढील संपर्क ईमेलवर करावा." या ईमेलने फोन थांबतील असं नाही. पण उद्या लवादापुढे किंवा लोकन्यायालयात हा माणूस पळून गेला नव्हता, हे त्यातून दिसतं.

हप्ता ज्या खात्यातून आपोआप कापला जातो, तिथे पैसे नसले की दोन्हीकडून दंड लागतो, बँकेचा आणि कर्ज देणाऱ्याचा. शिवाय असा आदेश पैशाअभावी परत जाणं हा पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखाच गुन्हा ठरू शकतो. त्याची नोटीस आली तर पंधरा दिवसांची मुदत असते. त्या पंधरा दिवसांत वकिलाकडे जा, नोटीस कपाटात ठेवू नका. आणखी एक : यांच्या धंद्याचं खातं ज्या बँकेत आहे, तिचंच कार्ड किंवा पर्सनल लोन असेल तर बँक खात्यातले पैसे परस्पर वळते करून घेऊ शकते. कामगारांच्या पगाराचे पैसे असे गेलेले दिसले की फार उशीर झालेला असतो. जिथे कुठलंच कर्ज नाही अशा बँकेत नवं चालू खाते उघडा आणि ग्राहकांना तो नंबर द्या. फक्त मशीनच्या कर्जाच्या करारात व्यवहार त्याच बँकेतून करण्याची अट आहे का, ते आधी वाचा.

तुमच्या पगाराबद्दल. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरच्या विनातारण कर्जासाठी तुमच्या पगाराला हात लागत नाही, तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर. सह्या तपासा. आणि "वहिनींच्या नावावर नवीन लोन करून जुनी मिटवू" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ज्या कर्जाला तुमची सही आहे, त्याचा हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीतून सुटतात. ३१,००० पगार धरला तर जास्तीत जास्त १०,००० कापता येतील. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी जप्तीबाहेर आहेत. म्हणूनच पीएफ काढून कार्डं फेडू नका. ज्याला कुणी हात लावू शकत नाही ते मोडून, जो फक्त फोन करू शकतो त्याला देणं हा सगळ्यात वाईट सौदा.

वसुलीवाल्यांचं. बँका आणि बिगरबँक वित्त कंपन्यांच्या एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये, धमकी देऊ नये, नातेवाईक-मित्रांपुढे बदनामी करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. वहीत तारीख, वेळ, नंबर, नाव आणि बोललेलं वाक्य लिहा. दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. आधी बँकेच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८. पतसंस्था या लोकपालाच्या कक्षेत येत नाही, तिची तक्रार उपनिबंधकांकडे. "उद्या पोलिस उचलतील" हे व्हॉट्सॲपवर येतं, त्याला घाबरू नका. पैसे नसल्यामुळे कर्ज थकणं हा गुन्हा नाही. दिवाणी हुकूमनाम्यासाठीसुद्धा ऐपत असून मुद्दाम न देणाऱ्यालाच कैदेत ठेवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलं आहे. पण लवादाची नोटीस मात्र खरी असते. गैरहजर राहिलात तर एकतर्फी निवाडा होतो आणि तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो.

ॲपबद्दल थोडक्यात. ज्या बँकेचं किंवा वित्त कंपनीचं ते ॲप आहे, तिचं नाव करारात असायलाच हवं. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्य ॲपची यादी आहे, तिथे शोधा. नाव नसेल किंवा फोटो बदलून धमक्या येत असतील तर १९३० वर सायबर तक्रार करा. फोनबुक वाचायची परवानगी अशा ॲपला मुळात घेता येत नाही. ती सेटिंगमध्ये जाऊन काढा. या ॲपचं फेडायला दुसरं ॲप घेऊ नका.

सावकाराचा विषय वेगळा आहे आणि तिथे तुम्ही वाटतं त्यापेक्षा भक्कम आहात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे. विनापरवाना सावकाराला कोर्टातून वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. परवानाधारकालासुद्धा शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. हा गृहस्थ ६० टक्के घेतो. १८ टक्क्यांनी चौदा महिन्यांचं व्याज ४२,००० झालं असतं, तुम्ही १,४०,००० दिलेत. फोनवरून पाठवलेले चौदाही व्यवहार बँकेच्या उताऱ्यात आहेत, हाच तुमचा पुरावा. तो उतारा घेऊन सहकार खात्याच्या सहायक किंवा उपनिबंधक कार्यालयात तक्रार द्या. झडती घेऊन कागद आणि चेक ताब्यात घेण्याचे अधिकार त्यांना आहेत. एक अडचण सांगून ठेवतो : एकदाच दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे, तो हे धंदा म्हणून करतो असं दिसावं लागतं. त्याच्याकडून घेतलेले आणखी दोघे-तिघे पुढे आले तर तक्रार वजनदार होते. चेकचं म्हणाल तर "स्टॉप पेमेंट" दिल्याने चेक बाऊन्सचा खटला टळतोच असं नाही. तक्रारीत तिन्ही चेकचे नंबर लिहा, ते कोरे दिले होते हे नोंदवा. त्याने चेक भरला आणि नोटीस आली, तर पंधरा दिवसांत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे. वकिलाच्या खर्चाची काळजी नको. शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो, म्हणून घराच्या कर्जासारख्या तुमच्या सहीच्या प्रकरणात अर्ज तुम्ही करा. यांच्या नावावरच्या प्रकरणात उत्पन्नाची मर्यादा बघितली जाईल. फोन १५१००.

आता दिवाळखोरी. तुम्ही-आम्ही बोलताना दिवाळं काढणं म्हणतो, कायद्यात त्याला नादारी म्हणतात. २०१६ च्या नव्या नादारी व दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आतापर्यंत कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू झाला आहे. तुमच्यासारख्यांना पुण्यात आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू आहे. अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. किमान देणं ५०० रुपये, शंभर वर्षांपूर्वीचा आकडा तसाच आहे. पण नादार ठरलं की जप्तीतून सुटलेल्या वस्तू सोडून सगळी मालमत्ता कोर्टाच्या रिसीव्हरकडे जाते. तारण घेतलेल्या बँकेचा हक्क जसाच्या तसा राहतो, म्हणजे घर आणि मशीनवरची कारवाई थांबत नाही. जामीनदारही सुटत नाही, म्हणजे दिरांचा पगार अडकलेलाच राहतो. मुक्तीचा आदेश मिळण्यात मालमत्ता विनातारण देण्याच्या रुपयाला आठ आण्यांइतकीही नसली किंवा मागच्या तीन वर्षांचे हिशोब नीट नसले तर अडथळा येतो. ज्या तीन गोष्टी तुम्हाला वाचवायच्या आहेत, त्यांपैकी एकही या दारातून वाचत नाही. ज्याच्याकडे काहीच मालमत्ता नाही आणि चहूबाजूंनी हुकूमनामे झाले आहेत, त्याच्यासाठी हा मार्ग कधी उपयोगी पडतो. तुमचं प्रकरण तसं नाही.

त्या कर्जमुक्तीवाल्याला ६०,००० देऊ नका. कर्ज सेटल करून देणाऱ्या अशा फर्मना रिझर्व्ह बँक परवाना देत नाही, कार्डावर काहीही छापलेलं असो. घराचा हप्ताही बंद करा असं सांगणारा माणूस तुमचं घर ओळखतच नाही. मोफत मदत हवी असेल तर पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक ही बँक ऑफ महाराष्ट्र आहे. तिच्या शाखेत जाऊन वित्तीय साक्षरता केंद्राचा पत्ता विचारा. तिथे खर्चाचं अंदाजपत्रक आणि बँकेला द्यायचा अर्ज समोर बसून लिहून घेता येतो.

अडकलेल्या ४,६०,००० कडे वळू, कारण सगळ्याची किल्ली तिथे आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. निकालाविरुद्ध कोर्टात जायचं तर देणाऱ्या कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, म्हणून परिषदेची नोटीस गेली की बऱ्याचदा बोलणी सुरू होतात. ऑर्डर तुटेल ही भीती खरी आहे. म्हणून आधी कंपनीच्या खरेदी विभागाला सोडून लेखा विभागाला पत्र द्या. सोबत उद्यम प्रमाणपत्र, बिलं आणि माल मिळाल्याच्या सह्यांची चलनं. आयकर कायद्यात २०२४-२५ च्या कर निर्धारण वर्षापासून अशी मुदत उलटलेली थकबाकी ३१ मार्चला उरली तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. लेखापालाला हे कळतं. पत्राला पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर परिषद.

पैसे येतील त्या दिवशी सगळ्यांचे फोन वाढतील. वाटप आजच कागदावर करून ठेवा : घराची थकबाकी ४३,०००, मशीनची २९,०००, दोन महिन्यांच्या घरखर्चाचे ६०,००० बाजूला. उरतात ३,२८,०००. यातून कार्डं आणि पर्सनल लोन एकेक करून मिटवा, सगळ्यात जास्त व्याजाचं कार्ड आधी. एकरकमी तडजोड ठरली तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र आल्याशिवाय रुपया देऊ नका. त्यात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख, "पूर्ण व अंतिम" असे शब्द, उरलेलं माफ केल्याचा उल्लेख, आणि खटला असेल तर मागे घेण्याची व चेक परत देण्याची हमी हवी. पैसे फक्त कर्जखात्यात, एजंटच्या फोनवर कधीही नाही. नंतर काही देणं उरलं नसल्याचं नादेय प्रमाणपत्र घ्या. सिबिलच्या पतअहवालात अशा खात्यापुढे "सेटल्ड" लिहिलं जातं आणि ते काही वर्षं नवीन कर्जाच्या आड येतं. पूर्ण फेडलेलं "क्लोज्ड" दिसतं. दोन्हींत फरक आहे, पण सध्या नवीन कर्ज घ्यायचं नाही, तेव्हा "सेटल्ड"ची फार धास्ती नको. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो आजच काढा, यादीत विसरलेलं काही आहे का कळेल. चुकीची नोंद असेल तर तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली पाहिजे, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. फ्लॅट विकला तर ४२ लाखांतून गृहकर्ज जाऊन २३ लाख उरतात आणि बाकीचं देणं २३ लाख ४० हजार आहे. दलाली, खर्च धरूनही जवळजवळ सगळं मिटतं, सावकाराचा हिशोब कायद्याने झाला तर जास्तच. मग भाड्याचं घर आणि कर्ज नसलेलं वर्कशॉप, असं आयुष्य उरतं. हे ऐकायला कठीण आहे, पण स्वतः विकलेल्या घराची किंमत आणि लिलावात गेलेल्या घराची किंमत यांत मोठी तफावत पडते. आमचं मत : दोन्ही बँकांनी मुदत वाढवली आणि बिलाचे पैसे आले, तर विकू नका. दोन्ही बँकांनी नकार दिला, तर ६० दिवसांच्या नोटिशीची वाट न बघता विक्रीला काढा. घर भावाच्या किंवा मेव्हण्याच्या नावावर करून "वाचवायचा" प्रयत्न मात्र करू नका. देणेकऱ्यांना टाळण्यासाठी केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. विकायची वेळ आलीच तर आधी बँकेकडून कर्जफेडीच्या अचूक रकमेचं पत्र घ्या, घेणाऱ्याची रक्कम थेट कर्जखात्यात जाईल असं करारात लिहा. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत मिळायला हवीत, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तुमच्या हक्काची आहे.